गोदामकाकांचे बाद प्रश्न

गोदामकाकांची ओळख करून द्यायची संधी त्यांनी कधी कुणाला दिली नाही. नवा माणूस दिसला की ते आपणहून पुढे होत आणि आपली अब्रू आपल्याच हातांनी काढून त्याच्या पुढ्यात ठेवत. "मी गोदामातला. गोदामात कोंडला गेलेला तो मीच. ऐकलं असेल तुम्ही." समोरच्याने ऐकलेलं नसे. मग काका त्याला बसवून घेत, चहा मागवत आणि ऐकवत.

गोष्ट खरी होती, हे त्यातलं वाईट. काका एका मदतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात गोदाम सांभाळत. जगात कुठे पूर आला, लढाई पेटली, माणसं घरं सोडून पळाली की इथून तंबू, बादल्या आणि ब्लँकेटं निघत. एका शनिवारी काका मागच्या रांगेत गठ्ठे तपासत होते आणि रखवालदाराने बाहेरून कुलूप घालून घरचा रस्ता धरला. थंडीचे दिवस. तेव्हा खिशात फोन नसायचे. सोमवारी दार उघडलं तेव्हा काका गठ्ठ्यांच्या मधोमध बसून कुडकुडत होते. नाक वाहत होतं, ताप भरला होता. डाव्या हाताला छतापर्यंत ब्लँकेटं, उजव्या हाताला छतापर्यंत ब्लँकेटं. "अहो, मग एखादं अंगावर का नाही घेतलंत?" साहेबांनी विचारलं. काका शिंकत म्हणाले, "मागणीपत्रक नव्हतं ना!"

अशा गोष्टी त्यांच्यापाशी खंडीभर होत्या. लग्नात फोटोवाला "थोडं मागे, अजून थोडं मागे" म्हणत गेला आणि काका इतक्या आज्ञाधारकपणे मागे सरकले की मंचावरून खाली गेले. पडताना त्यांनी बायकोचा हात मात्र सोडला नाही, त्यामुळे तीही गेली. नवरीचा घोटा सुजला आणि ती नव्या घरात लंगडत शिरली. गाडीच्या परवान्याच्या परीक्षेत परीक्षक पुढे बसला आणि काका सवयीने मागच्या सीटवर जाऊन बसले. गाडी सुरू व्हायच्या आधी नापास. मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले ते शेजारच्या वर्गात. तिथे दुसऱ्याच कुणाच्या मुलीचं गणित किती कच्चं आहे हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ही सगळी फजिती ते इतक्या चवीने सांगत की ऐकणाऱ्याला वाटे, या माणसाला देवाने दुसरं काही कामच दिलेलं नाही. काकांचंही मत साधारण तेच होतं.

दुसऱ्याने हसण्याआधी आपण हसावं, म्हणजे लागत नाही, हे त्यांचं साधं गणित. त्यांच्या बायकोला हे गणित कधी पटलं नाही. तिला हसायला आवडत नसे असं नाही. पण कार्यालयाच्या संमेलनाला ती गेली की प्रत्येक अनोळखी माणूस आधी तिच्या घोट्याकडे बघे आणि मग गालातल्या गालात हसे. दोनचार वर्षं तिने काढली. नंतर संमेलनाच्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं, आणि पुढे तर न दुखताच ती घरी राहू लागली.

तर अशा या काकांनी निवृत्ती तोंडावर आलेली असताना परदेशातल्या मोहिमेवर जायला नाव दिलं. बातमी कळली तेव्हा कार्यालयात जे हसू उसळलं, त्यात सगळ्यात मोठा आवाज काकांचा होता. "अरे, मी इथल्या गोदामातून बाहेर पडू शकलो नाही, तिथल्यातून कसा पडणार!" पण नाव त्यांनी मागे घेतलं नाही. तिकडच्या छावणीत गोदाम सांभाळणारा माणूस आजारी पडून परतला होता आणि जागा रिकामी होती. काकांनी जन्मभर उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. आपण पाठवतो त्या बादल्यांत पाणी कोण भरतं, आपल्या ब्लँकेटांत कोण झोपतं, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. हे कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बायकोला मात्र सांगितलं.

ती वाळलेले कपडे घडी करत होती. तिने एक चादर पूर्ण घडी केली आणि म्हणाली, "जा की. पण एक करा. तिथे गेल्यावर मला सोडा."

"सोडा म्हणजे?"

"तुमच्या गोष्टींतून. तिथल्या लोकांना तरी माझा घोटा माहीत नसू दे."

काका हसले. ती हसली नाही. मग काकांनी पुढची चादर धरायला हात पुढे केला, आणि दोघांनी मिळून ती घडी केली.

मोहिमेवर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागे. तो कागद हातात पडल्याशिवाय विमानात पाऊल टाकता येत नसे, मग तुम्ही डॉक्टर असा की गोदामवाले. शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या शाळेत हे वर्ग भरत. बाकं लहान मुलांची होती. काकांचे गुडघे बाकाखाली मावत नसत आणि पोट बाकावर मावत नसे. काकांसोबत तिघं होती. एक त्यांच्याच कार्यालयातला ड्रायव्हर, वीस वर्षांपासूनचा दोस्त. एक तरुण डॉक्टरीणबाई, वर्षभरापूर्वी संस्थेत आलेली. आणि पाण्याच्या टाक्या बसवणारा एक इंजिनियर, जो विचारल्याशिवाय बोलत नसे आणि विचारल्यावरही फारसा नाही.

शिकवायला एक बाई होत्या. केस बारीक कापलेले, अंगात जुना स्वेटर, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्या स्वतः कितीतरी मोहिमांवर राहून आल्या होत्या, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. काकांना हा प्रकार नवीनच होता. एवढं घडलेलं असून माणूस सांगत का नाही, हे त्यांना कळेना.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की बूट पलंगाजवळ, पिशवी दाराजवळ आणि गाडीचं तोंड कायम बाहेरच्या रस्त्याकडे. काकांनी हे सगळं मनापासून लिहून घेतलं आणि त्याच दिवसापासून फजितीची नवी रास घालायला सुरुवात केली. वायरलेसवर थोडक्यात बोलायचं असतं. काकांनी बटण दाबून आधी समोरच्याची तब्येत विचारली, मग घरच्यांची, आणि तोवर सगळ्यांचा मार्ग अडवून ठेवला. भूसुरुंगांच्या सरावात मैदानावर चुन्याने आखणी केली होती. सुरुंग दिसला की जागच्या जागी थांबायचं आणि आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत मागे यायचं. काका थांबले, अगदी बरोबर थांबले. पण मागून डॉक्टरीणबाई येत होत्या. बाई माणूस मागे अडकून राहिलेलं काकांना बघवेना. ते अदबीने बाजूला सरकले आणि हात करून म्हणाले, "या, तुम्ही आधी."

"मेलात," बाई मैदानाच्या कडेवरून म्हणाल्या. "सभ्यपणे मेलात, पण मेलात."

ड्रायव्हर पोट धरून खाली बसला. काकांनीही हसून घेतलं. मग उगाच वाकून बूट झाडत राहिले.

खरी गंमत तपासणी नाक्यावर झाली. रस्त्यात आडवा बांबू टाकून बंदूकधारी माणसाने गाडी अडवली तर काय करायचं, याचा तो सराव. बंदूकधारी म्हणून जवळच्या बेकरीतला पाववाला येत असे. सकाळचे पाव विकून झाले की तो तोंडाला फडकं बांधी, लाकडी बंदूक घेई आणि फार मन लावून ओरडे. बाईंनी बजावलं होतं की हात दिसतील असे ठेवा, सावकाश हला, विचारतील तेवढंच बोला आणि कृपा करून विनोद करू नका. शेवटचं सांगताना त्यांनी काकांकडे बघितलं होतं.

पाववाल्याने काच ठोकली आणि बंदुकीचं टोक आत घातलं. "कोण तू? काय काम करतोस?" काकांना ठाऊक होतं की बंदूक लाकडाची आहे आणि फडक्यामागचा माणूस सकाळी आपल्याला पाव देऊन गेलाय. तरी त्यांची पाचावर धारण बसली. आणि जीभ जी सुटली ती थांबेचना. "मी गोदामातला. गोदामात कोंडला गेलेला तो मीच." ब्लँकेटं झाली, मंच झाला, घोटा झाला. लहानपणी जाडेपणामुळे आई आपल्याला काय म्हणायची, तेही सांगून झालं. पाववाला आधी डोळ्यांनी हसला, मग खांद्यांनी, आणि शेवटी बंदूक गाडीच्या बॉनेटवर ठेवून फडक्याने डोळे पुसू लागला.

सगळ्यांना वाटलं काकांनी मैदान मारलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काकांना शाळेच्या नळापाशी बाजूला घेतलं आणि विचारलं, "घाबरलात की तुम्ही हसवता. हो ना?"

याला द्यायला काकांच्या तोंडावर तीन उत्तरं तयार होती, तिन्ही चांगली. पण बाईंच्या हळू आवाजापुढे त्यातलं एकही निघेना. "हो," ते म्हणाले.

"तिथे फार कमी बोला. दमून जाल नाहीतर," बाई म्हणाल्या, आणि नळ नीट बंद करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या आणि फळ्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. "आजचा विषय कुणाला आवडत नाही," त्यांनी सुरुवात केली. "तुमचं अपहरण झालं, तर सोडवणाऱ्यांना पहिली गोष्ट हवी असते ती ही की तुम्ही जिवंत आहात. पळवून नेणारे म्हणतील, माणूस आमच्याकडे आहे. कशावरून? म्हणून आपण एक प्रश्न पाठवतो. त्याचं उत्तर फक्त तुम्हाला आणि तुमच्या घरच्या एका माणसाला ठाऊक असतं. बरोबर उत्तर आलं, की तुम्ही आहात. तो प्रश्न तुम्ही इथून जाण्याआधी मला द्यायचा. उत्तर एका शब्दाचं हवं. आणि असं हवं, की अंधाऱ्या खोलीत कुणी विचारलं तर ते देताना तुम्हाला बरं वाटेल."

बाईंची एक पद्धत होती. प्रश्न त्या तसाच घेत नसत. आधी वर्गात विचारून बघत. सोबतच्या कुणालाही उत्तर आलं, की प्रश्न बाद. "तुमच्यासोबत तुमचा सहकारीही पकडला गेला असेल. त्याला ठाऊक असलेलं उत्तर माझ्या काय कामाचं?" उरलेला, टिकलेला प्रश्न मग पाकिटात बंद होई.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्या आणि त्यांची बहीण लहानपणी कुठे लपून बसत. कुणाला सांगता आलं नाही. इंजिनियरने विचारलं, वडिलांच्या सायकलला काय लटकत असे. त्याच्याबद्दल कुणाला त्याचं आडनावही धड ठाऊक नव्हतं, सायकलचं कुठलं कळणार! ड्रायव्हरचाही टिकला, आणि काकांना जरा वाईटच वाटलं. वीस वर्षांचा दोस्त, आणि त्याच्या पहिल्या गाडीला त्याची आजी काय म्हणायची हे आपल्याला माहीत नाही.

मग काका उठले. "माझा सोपा आहे. माझ्या लग्नात मी कुठून पडलो?"

"मंचावरून!" ड्रायव्हर आणि डॉक्टरीणबाई एकदम म्हणाले.

"बाद," बाई म्हणाल्या.

"बरं. परवान्याच्या परीक्षेत मी कुठे बसलो?"

"मागे!" या वेळी तर इंजिनियरही बोलला.

"बाद."

काकांनी कपाळ पुसलं. "पालकसभेला मी कुठे गेलो होतो?"

वर्ग शांत राहिला. काकांना हायसं वाटलं. तेवढ्यात बाईंनीच घसा साफ केला. "शेजारच्या वर्गात. काल चहाच्या वेळी तुम्हीच सांगितलंत मला. बाद."

आता हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. काका घाईघाईने म्हणाले, "थांबा, थांबा. एक आहे. लहानपणी आई मला काय म्हणायची?"

दाराशी पाववाला टोपली घेऊन उभा होता. त्याने आतल्या बाजूला डोकं घातलं आणि आनंदाने ओरडला, "ढब्बू!"

बाईंनी सगळ्यांना शांत केलं. "हसायचं झालं असेल तर ऐका. मला प्रश्न मिळाला नाही, तर मी सही करू शकत नाही. उद्या सकाळी शेवटचा वर्ग आहे, काका. तोवर शोधा."

काका हसत हसत बाकावर बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हसू येत नाहीये. सही नाही म्हणजे जाणं नाही. परत जाऊन कार्यालयात सांगायचं काय? तसं सांगायला काही अवघड नव्हतं. याचीही एक झकास गोष्ट झाली असती. सुरक्षिततेच्या परीक्षेत नापास झालेला, कारण ज्याच्याकडे लपवायला काही नाही असा माणूस. पहिल्या चहालाच हशा पिकला असता. त्या हशाची त्यांना एकाएकी शिसारी आली.

दुपारभर ते मैदानाच्या कठड्यावर बसून आयुष्य धुंडाळत राहिले. पहिली नोकरी, सांगून झालेली. पहिला पगार हरवला, सांगून झालेलं. बायकोला लिहिलेलं पहिलं पत्र चुकून सासऱ्यांच्या हाती पडलं, दरवर्षी सांगून झालेलं. जे जे हाताला लागे ते वापरून गुळगुळीत झालेलं निघे. चिमूटभर काहीतरी आपण स्वतःसाठी ठेवलं असेल की नाही? गोदामात अडीअडचणीसाठी थोडा माल बाजूला ठेवावा, हे ते नव्या कारकुनांना शिकवत, आणि स्वतःचं गोदाम त्यांनी हसणाऱ्यांना वाटून मोकळं केलं होतं. एक गोष्ट होती. पण तिच्याकडे ते जात नसत. आताही गेले नाहीत.

संध्याकाळी जेवणाआधी त्यांनी शाळेच्या पायरीवरून घरी फोन लावला.

"जेवलात?" बायकोने विचारलं.

"अजून नाही. अगं, एक अडचण झालीये." त्यांनी सगळं सांगितलं. मंच, मागची सीट, पाववाला. सवयीने रंगवूनच सांगितलं. "थोडक्यात काय, गोदाम रिकामं."

ती हसली नाही. मग तिने विचारलं, "आणि ती?"

"कोणती?" काकांनी विचारलं, जरी त्यांना कळलं होतं.

"दवाखान्यामागच्या बाकावरची."

मुलगी व्हायच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. तो सकाळी जन्मला आणि दिवस मावळायच्या आत गेला. दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'बाळ' लिहिलं होतं. घरातली मोठी माणसं म्हणाली, नाव ठेवू नका, नाव ठेवलं की विसरता येत नाही. पण बायकोला दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी रिक्षा यायला वेळ होता, म्हणून दोघं दवाखान्याच्या मागे, जिथे धुतलेल्या चादरी वाळत घालत, तिथल्या बाकावर जाऊन बसली. तिथे त्यांनी त्याचं नाव ठेवलं. तिने एक सुचवलं, काकांनी एक सुचवलं, आणि मग तिचंच ठरलं. रिक्षा आली. ते नाव त्यानंतर काकांच्या तोंडून कधी निघालं नाही. मुलीलाही ठाऊक नव्हतं. नंतर काही महिन्यांनी काकांना गोदामात नोकरी लागली, आणि त्या नव्या जागी त्यांनी लोकांना हसवायला सुरुवात केली.

"ती कुणाला सांगितली असेल ना तुम्ही?" बायकोने विचारलं.

"नाही."

"ड्रायव्हरला?"

"नाही गं."

"तुमच्या भावाला तरी?"

"कुणालाच नाही. तुला काय वाटलं?"

तिचा आवाज बदलला. "मला वाटायचं, तीही सांगून झाली असेल. शेवटी काहीतरी गंमत जोडून."

"त्यात गंमत कुठे होती?" काका म्हणाले, आणि त्यांना फार लागलं. आपल्याच बायकोला आपल्याविषयी असं वाटावं, आणि तिला तसं वाटण्यात तिची काही चूक नसावी.

"म्हणून तर कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणाला असतात, तर मला ते सहन झालं नसतं. इतकी वर्षं मी घाबरून विचारलं नाही."

पायरीवर मुंग्यांची रांग चालली होती. काकांनी पाय बाजूला घेतला. "बाई म्हणतात, उत्तर देताना बरं वाटलं पाहिजे."

"मला वाटतं बरं."

"तुला?"

"मी म्हणते ना कधीकधी. कपडे वाळत घालताना. घरात कुणी नसलं की." ती थांबली. "तुम्ही म्हणून बघा एकदा."

काकांनी तोंड उघडलं. जन्मभर ज्यांच्या जिभेला विसावा नव्हता त्या काकांना दोन अक्षरं उच्चारता येईनात. "उद्या म्हणतो," ते शेवटी म्हणाले. "उद्या नक्की म्हणतो." ती बरं म्हणाली. फोन ठेवावा असं दोघांनाही वाटेना, म्हणून मग तिने त्यांना बुटांत मोजे कोरडे घालताय ना, असं विचारलं.

सकाळी बाईंनी सगळ्यांना वर्गात बसवलं. काकांचा प्रश्न काय असेल या उत्सुकतेने पाववालाही टोपली बाहेर ठेवून आत आला होता. काका उठले. त्यांनी बाकाच्या कडेला हात धरला.

"आम्ही दोघांनी बाकावर बसून काय नाव ठेवलं?"

"स्कूटरचं!" ड्रायव्हर लगेच म्हणाला. "तुमची ती जुनी, ढकलल्याशिवाय न चालणारी. लाडूबाई!"

काकांनी मान हलवली.

"मांजराचं असेल," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. "ते बोकोबा."

"नाही."

"साहेबांचं ठेवलं असेल काहीतरी," पाववाला म्हणाला, आणि सगळे खिदळले. नावांचा पाऊस पडला. कार्यालयातल्या गळक्या कूलरचं नाव, शेजारच्या भांडकुदळ बाईचं नाव. प्रत्येक नावासोबत जुनी गोष्ट निघे आणि प्रत्येक गोष्टीला हशा होई. काका उभे होते आणि दरवेळी फक्त नाही म्हणत होते. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. हसायला त्यांनीच या माणसांना शिकवलं होतं. पण त्या हशाच्या पलीकडे एक एवढंसं तोंड होतं, आणि त्या तोंडावर कुणाचं बोट लागू नये म्हणून काकांचा जीव गोळा झाला होता.

हळूहळू नावं संपली. ड्रायव्हर डोकं खाजवत म्हणाला, "हे काकांनी कधी सांगितलंच नाही." त्याचा चेहरा जरा उतरला होता.

बाई काकांकडे बघत होत्या. केव्हापासून, कुणास ठाऊक. "टिकला," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी बाहेर जा."

दार लागलं. बाईंनी पाकीट पुढे केलं. काकांनी उत्तर लिहिलं. ते नाव आजवर कुठल्याही कागदावर आलेलं नव्हतं. दवाखान्याच्याही नाही, दगडावरही नाही. लिहून झाल्यावर ते त्याच्याकडे बघत बसले, आणि बाईंनी घाई केली नाही. मग त्यांनी पाकीट बंद केलं, आणि काकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कारण सरावाचा तो शेवटचा भाग सगळ्यांनाच करावा लागे.

"घरून प्रश्न आलाय," बाईंचा हळू आवाज आला. "तुम्ही दोघांनी बाकावर बसून काय नाव ठेवलं?"

काकांनी नाव घेतलं.

"ऐकू आलं नाही. फोन खराब आहे असं समजा. पुन्हा सांगा."

काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि घरातल्या मुलाला खेळातून जेवायला हाक मारावी तसं ते नाव मोठ्याने घेतलं. पट्टी ओली झाली. पण बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. बाईंनी पट्टी सोडली, कागदावर सही केली आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "काका, तुम्ही जाऊ शकता. तिथे थंडी असते. आपलं ब्लँकेट वेळेवर अंगावर घ्या."

बाहेर व्हरांड्यात ड्रायव्हर थांबला होता. बाकीचे पुढे गेले होते. त्याने काकांच्या हातातली पिशवी घेतली.

"बरं, आता मला तरी सांगा. कशाचं नाव?"

"नाही सांगत."

"अहो, मला? वीस वर्षांत माझ्यापासून काय लपवलंत तुम्ही?"

"ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही रे," काका म्हणाले. "तिचीही आहे."

यापुढे काहीतरी गंमत येणार म्हणून ड्रायव्हर तोंडावर हसू तयार ठेवून तसाच उभा राहिला. काही आलं नाही. मग त्याने ते हसू हळूच आवरलं, काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडी काढायला गेला.